मुलांना बडवा

सोमवार, ३ जून
छापखान्यात बोंबाबोंब. ‘मुलांना घडवा’ या पुस्तकाची दोन हजार कव्हरं ‘मुलांना बडवा’ अशी छापून आली. प्रूफं मी तपासतो, म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. एका अक्षराचा तर फरक! मालक म्हणाले, चूक कुणाची ते शनिवारपर्यंत लेखी द्या. तुमची नसेल तर टायपिंगवाल्या बाईंना काढतो. कव्हरचं प्रूफ म्हणे सापडत नाहीये. (माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. सही माझीच. पण मला कुणी विचारलेलं नाही.)

मंगळवार, ४ जून
सापडलं! त्याच पुस्तकात, प्रकरण चौथं: लहानपणी मार खाल्लेल्यांना मोठेपणी चूक कबूल करता येत नाही. म्हणजे सगळं खापर बाबांच्या पट्टीवर. वळ अजून डोळ्यांसमोर आहेत. ‘बडवा’ माझ्या नजरेतून सुटलंच नाही, मनानं ते मुद्दाम राहू दिलं. उद्या बाबांना जाब विचारायचा. फायनल.

बुधवार, ५ जून
गेलो. बाबांचा चष्मा हरवला होता. शोधून दिला. जाब राहिला.

गुरुवार, ६ जून
विचारला. बाबा ठसका लागेपर्यंत हसले. म्हणाले, तुला कधी बोटसुद्धा लावलं नाही, पट्टी खाल्ली ती दादानं. तू वस्तू फोडायचास आणि दादाकडे बोट दाखवायचास. तोही मुकाट्यानं हात पुढे करायचा. मी म्हटलं, मग वळ कसे आठवतात? आई म्हणाली, त्याच्या हातावरचे बघून तूच भोकाड पसरायचास.
आता चौथ्या प्रकरणाचं काय करू?

शुक्रवार, ७ जून
प्रकरण पाचवं: लाडावलेली मुलं. माझा काही संबंध नाही.
टायपिंगवाल्या बाईंनी आज डबा उघडलाच नाही. मला विचारलं, माझीच चूक असेल का हो? ‘असू शकते’ म्हणालो. मग मलाही घास उतरेना. अॅसिडिटी असावी.

शनिवार, ८ जून, सकाळी ८
ठरवलं, माफीची सुरुवात सोप्या माणसापासून करायची. दादाला फोन लावला. नुसतं ‘दादा’ म्हणालो.
तो म्हणाला, “आता काय फोडलंस? जाऊ दे, माझं नाव सांग.”
भडभडून आलं. क्षणभर मोहही झाला.
पण मालक दादाला ओळखत नाहीत.