अर्जाचं डोकं

आबा, सगळ्यात आधी मुलाची आत्याच आली. तुमच्या नातीला, माझ्या लेकीला बघायला धुळ्याहून चौघं यायची होती, बाकीची कोपऱ्यावर पत्ता विचारतायत तोवर ही बाई दारात हजर! माझ्या हातातला तांब्या घेतला, पायांवर पाणी ओतलं आणि म्हणते कशी, "पोर कोठे शे?" फटकळ, पण मला आवडली बाई. तुम्ही असता तर पोहे खाऊन म्हणाला असतात, शेंगदाणे कमी पडले. पडलेच होते.

मुलाचं अर्ज टाइप करायचं दुकान आहे, धुळ्याच्या कोर्टाजवळ. तुम्ही सतरंजी टाकून अर्ज लिहायचात, तिथून हाकेवर. तुमची नात इथे मेहरूणला पुढच्या खोलीत तेच करते, कम्प्युटरवर. मी तिसरीतून शाळा सोडली तेव्हा तुम्ही मला कोऱ्या कागदांचा गठ्ठा दिलात, आठवतं? चुलीपुढे बसून मी वरचं तेवढं लिहायचे. मेहेरबान साहेबांचे सेवेशी, अर्जदार, राहणार, आणि पुढे जागा सोडायची. अर्जाचं डोकं, म्हणायचात तुम्ही. दिवसाला वीस-वीस डोकी! खालचं धड लिहायला कधी मिळालं नाही. एकदा म्हटलं, मीपण येते कोर्टापाशी, तुमच्या शेजारी बसते. तुम्ही भाकरीवरून मान वर न करता म्हणालात, "पोरी तिथे बसत नाहीत." झालं. लग्न होईपर्यंत मी घरात बसून डोकीच लिहिली.

नातीचं बरं आहे. दोन बटणं एकदम दाबायची, ते मशीन नाव विचारतं, गाव विचारतं आणि वरचं-खालचं सगळं जागच्या जागी बसवतं. त्याला मॅक्रो म्हणतात. तो अर्जात नसतो हं, अर्ज ज्यावरून निघतो त्या साच्यात असतो. टेम्प्लेट का काय ते. महिनाभर खपून तिने स्वतः केलाय.

तर पोरीने करून दाखवलं. आत्या म्हणे, "हाई बठ्ठं मशीननंच लिखं, पोरनी काय लिखं?" सगळं मशीनचंच, पोरीचं काय, असं तिचं. मुलगा मात्र खुर्चीतून पुढे सरकलेला. त्याच्याकडेही असंच मशीन आहे, पण रोज तीच वाक्यं नव्याने बडवतो बिचारा. म्हणाला, "हा अर्ज फ्लॉपीवर द्याल?"

"देते की. पण तुमच्याकडे ती बटणं चालायची नाहीत. साचा इथेच राहतो."

"मग साच्याचं काय?"

"तो माझ्याबरोबर येईल. दुकानात माझी खुर्ची असेल तर."

मुलाचे मामा चहा फुंकायचे थांबले. आत्या म्हणाली, "आमनाकडे बायास्नी दुकानमा बसानं नही." आधीची दोन स्थळं याच पायी गेलेली, आबा. पोरीने मान काही खाली घातली नाही. आणि तो मुलगा आत्याकडे न बघता हळूच म्हणतो, "जागा आहे तशी. खिडकीशी."

निघताना चप्पल घालता घालता आत्या पोरीकडे वळली, "तुले खुर्ची कितली उंच लागस व माय?"

हे पत्र काही पोस्टात पडायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. ते खुर्चीचं बोलणं पोरीचं नव्हतं. सकाळी पोहे निवडताना मीच तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. रविवारी येतो म्हणालेत, सुपारी फोडायला.