दवाखान्याच्या वहीतलं निरंक

६ जाने.
घरात आता दोन वह्या. निळी दवाखान्याची, ही माझी. निळीत फक्त ह्यांच्या फिट: तारीख, वेळ, तेव्हा काय करत होते. अंगणवाडीची रजिस्टरं भरून हात बसलाय, शुक्रवारी आठवडाभराचं एकदम ओढते. निरंक, निरंक, निरंक.

ह्यांच्या डोक्यात ती पातळ पट्टी बसवून तीन महिने झाले. मऊ आहे, मेंदूबरोबर हलते, म्हणून टोचत नाही. वर्षानुवर्षं मेंदूतल्या लहरी टिपत राहील म्हणे. तार कातडीखालून गळ्याच्या हाडापर्यंत, तिथे डबी. रोज सकाळी तासभर तिच्यावर चार्जिंगची चकती धरून बसतात, तेव्हाच टिपलेलं मोबाइलवरून दवाखान्यात जातं. सासूबाई सगळ्या आळीला सांगतात, "माज्या पोराच्या डोक्यान पापड घातलाय."

न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. पहिली फिट आली तेव्हा गाडी नशिबाने उभी होती. तेव्हापासून घरी. सहा महिने कोरे गेले तर गाडीचं बघू, असं डॉक्टर मॅडम बोलून गेल्या. बोलायला नको होतं. हे दिवस मोजतायत.

१८ जाने. अमावस्या
दुपारी दोनला हे घरी आले. जिभेची कड चावलेली, रक्त. म्हणाले, बोंबलाचा काटा लागला. बोंबलाला मेला कसला काटा! पण विचारलं नाही. विचारायचंच नव्हतं मला.
निळी: निरंक.

१ फेब्रु. पुनव
आज कळलंच. दारात उभे, पँट मांडीपर्यंत ओली, मला "आय" म्हणून हाक मारली. डोळे आपल्या घरातले नव्हते. पाणी दिलं, पाच मिनिटांनी ताळ्यावर.
"फिट आली ना?"
"मना काय झालं न्हाय. संगे, लिवू नको. सा महिने कोरे जाऊं दे, तुज्या पाया परतू."
आणि खरंच वाकले. माझ्या! लग्नात पाटावरसुद्धा ताठ बसलेला माणूस.
निरंक लिहिलं. झाकली मूठ.

१० फेब्रु.
रेवसहून लाँचने मुंबईला, तपासणीला. मॅडमनी पडद्यावर रेघा दाखवल्या. चार महिने शांत आणि दोन दुपारी नुसता कल्लोळ. १८ तारीख, १ तारीख. निळी वही उघडी, बोट बरोबर निरंकवर.
"या वेळी काय झालं होतं?"
ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"काही नाही मॅडम. घरीच होते, झोपलेले."
किती सरळ आवाजात बोलले मी. तपासणीला आलेल्या सुपरवायझरबाईंशी बोलते तश्शी.

मॅडम म्हणाल्या, फिटच्या रेघा अशाच येतात, पण पट्टी सरकली किंवा तार हलली तरी अशाच दिसतात. माणूस झोपलेला होता म्हणजे पट्टीतच दोष. पुन्हा असं दिसलं तर डोकं उघडून बघावं लागेल.

उघडून!

परतीला हे भेळ खात होते. "वाचलो," म्हणाले. मी माझी भेळ कागदात गुंडाळून पिशवीत टाकली.

११ फेब्रु.
अंगणवाडीतल्या कॅलेंडरवर पोषण आहाराच्या खुणा करताना हात थांबला. एक अमावस्या, एक पुनव. दोन्ही दुपारच्या. उधाणाची वेळ. आणि त्या दिवशीची ती ओली पँट.

सरळ नामदेवभावोजींकडे गेले, ह्यांचे चुलतभाऊ. मिठागर त्यांच्याकडे असतं. कंबरेला पट्टा बांधून बसलेले.
"उघाडीवर कोण जातं भावोजी?"
"दादाच जातो की. उधानाचं पानी घेवाला. माजी कंबर गेली न्हाय का. तुला म्हाईत न्हाय, वैनी?"

म्हाईत न्हाय. सगळ्या जगाचं वजन-उंची माहीत मला, नवऱ्याचं नाही.

मिठागरात समुद्राचं पाणी घ्यायचं ते उधाणालाच. हातभर रुंद बांधावर एकट्याने उभं राहायचं, उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या उचलायच्या, खालून पाणी दणादण आत. दुपारच्या उन्हात तिथे कुत्रंही नसतं. तिथे येते ह्यांना फिट.
दोनदा आली. दोनदा परत आले.

संध्याकाळी भांडले मी. खूप. "बसून खायाला लावतंस का मना?" एवढंच हे बोलले. पुरुषाला पट्टी मेंदूवर चालते, बायकोचा शब्द कानावर चालत नाही.

१७ फेब्रु. अमावस्या
अंगणवाडीतली मुलं मदतनीस बाईंवर सोपवली आणि मी गेले बांधावर. मला बघून कपाळाला आठ्या. मी डबा मांडीवर ठेवून मागे बसले.

दोन फळ्या निघाल्या. तिसरी हातात आणि थांबले. ओठ चपचप हलायला लागले, काही चघळत असल्यासारखे. मी उठले, शर्ट आणि पट्टा दोन्ही मागून मुठीत धरला. खाली पाणी. फळी सुटली, वाहून गेली. पुढे झुकायला लागले तशी मी मागे चिखलात बसकण मारली, त्यांच्यासकट. घड्याळात १२.५०. ओठ थांबले तेव्हा १२.५२. इतकं खरं मी आजवर कुठल्याच रजिस्टरात भरलं नाही.

मान वळवून म्हणाले, "तू कवा आयलीस?"

रडले मी. अर्धा तास मागेच बसले होते हो.
निळीत तरी निरंकच.

२० फेब्रु.
दवाखान्याचा फोन. १७ च्या दुपारीही तोच कल्लोळ. पट्टी बिघडली असंच धरलंय. २५ ला भरती व्हा, २६ ला उघडून बघू.
खरं सांगावं तर गाडी गेली, कायमची. मिठागरही. न सांगावं तर न बिघडलेल्या पट्टीसाठी पुन्हा कवटी उघडणार, तीही मी लिहिलेल्या शब्दावर.

२४ फेब्रु.
निळीत तीन निरंक खोडले. शेजारी खरं लिहिलं, वेळेसकट. खाली सही केली. वही ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांनी वाचली. १ तारखेच्या ओळीवर, जिथे "मला आय म्हणाले" आहे, तिथे बराच वेळ. मग मिटली, उठून दाढी केली.
मी म्हटलं, "तुम्ही नको म्हणालात तर..." पुढचं मलाच माहीत नव्हतं.

२५ फेब्रु.
लाँचमध्येच लिहितेय, अक्षर हलतंय. रेवसला चढताना म्हणाले, "वही दे, मी धरतू." दिली. आत जागा होती तरी कठड्याला जाऊन बसलेत. निळी वही मांडीवर, वर दोन्ही हात. खाली पाणी.
वही पिशवीत ठेवू का, असं दोनदा ओठांवर आलं. विचारलं नाही. उठून त्यांच्या मागे येऊन बसलेय, शर्टाला हात लावलेला नाही.
भाऊचा धक्का दिसायला लागला.