नव्वद टन, तेवढं लिहून घ्या

॥ श्री ॥
चाकण, ता. २२ एप्रिल

चि. अबोलीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यातला फोटो पोचला. बर्फावर उभी आहेस, नाक लाल झालंय आणि टोपी माझ्या हातची आहे. फोटो मी फ्रिजवर लावलाय म्हणजे येणारा-जाणारा बघतोच. तिकडे फोनला रेंज नाही हे एका परीनं बरं झालं बघ. फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात तुझी आई मध्येच बोलते. तिसरीपर्यंतची शाळा पंच्याहत्तराव्या वर्षी अशी कामाला येईल असं कुणाला वाटलं होतं! आपले सोसायटीचे चेअरमन उद्धवराव विचारत होते, नात हिमालयात काय करते. मी म्हटलं, बर्फ मोजते. तर म्हणे बर्फ मोजून काय होणार? मी म्हटलं, तुम्ही दर मीटिंगला पार्किंग मोजता त्यानं काय होतं?

आता मुख्य गोष्ट. कालपासून माझं डोकं तापलंय. तीन दिवस गहू भिजवले, वाटले, चीक काढून शिजवला आणि पहाटे उठून गच्चीवर कुरडया घातल्या. दुपारपर्यंत पांढऱ्याशुभ्र होत्या. चारला उलटायला गेले तर सगळ्यांवर काळे ठिपके. बोट फिरवलं तर बोट काळं. शेजारच्या सुमनताईंच्याही तशाच. एवढ्या कुरडया, बाई, आणि खायच्या कुणी, कावळ्यांनी? मागच्या भिंतीपलीकडे कंपनीचं धुराडं आहे ते तुला माहीत आहेच. आणि कंपनी कुणाची? तुझ्या बापाची! म्हणजे तो नोकरीला आहे तिची. गाड्यांचे लोखंडी भाग ओतायचे आणि आमच्या गच्चीवर काजळ घालायचं.

वर आणखी आहे. फाटकावर नोटीस लागली आहे. कंपनीला अजून मोठ्या दोन भट्ट्या बसवायच्या आहेत, त्यासाठी २२ मे रोजी जनसुनावणी. मी ती अक्षर अक्षर लावून वाचली, अर्धा तास लागला, वॉचमननं खुर्ची आणून दिली. कुणीही येऊन बोलावं आणि साहेबांनी ते लिहून घ्यावं असं त्यात आहे. संध्याकाळी तुझ्या बापाला, श्रीपादला सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, आई, तू तिथे येऊ नकोस. कंपनीतर्फे लोकांना उत्तरं द्यायला माईकवर तोच उभा राहणार आहे म्हणे. अकरा वर्षं रखडलेली मॅनेजरची जागा ह्या सुनावणीवर अडलीय, ती नीट पार पडली की मिळणार. तुझ्या आईनं, मृदुलानंही डोळे मोठे केले. मी आपली आणखी भात वाढून घेतला.

पण मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलंय की आमच्या कुरडयांवर बसते तीच काजळी माझ्या नातीच्या बर्फावर जाऊन बसते. तेच तिथे सांगणार आहे. बरोबर आहे ना? एक कुरडई पाकिटात घातली आहे, तुझ्या साहेबांना दाखव.

जपून चाल. बर्फ निसरडं असतं, आणि तू लहानपणापासून धांदरट. माझी माया तिथवर पोचते आहे असं धरून चाल.

तुझी आजी,
शालन


लाहौल, ता. ४ मे

ती. आजीस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र रेशनच्या गाडीतून काल आलं. कुरडईचा पार चुरा झाला होता. सरांनी त्यातला एक तुकडा काचेखाली ठेवला आणि उरलेला आम्ही तळून खाल्ला. काजळीसकट चांगली लागली.

आजी, आधी तुझी चूक सांगते, रागावू नकोस. चाकणची काजळी इथे येते असं मला म्हणता येणार नाही. इथल्या बर्फात काळे थर सापडतात हे खरं. आम्ही खड्डा खणून बर्फ वितळवतो आणि गाळतो, तर गाळणीचा पांढरा कागद राखाडी होतो, आणि काळं बर्फ उन्हात लवकर वितळतं. पण ती काजळी बहुतेक उत्तरेतली आहे, जाळलेल्या शेतांची, वीटभट्ट्यांची, ट्रकांची. तू सुनावणीत तसं म्हणालीस तर कंपनीचा माणूस दोन मिनिटांत खोडून काढेल, आणि तो माणूस बाबा असेल.

खरी गोष्ट ह्याहून वाईट आहे, ती दिसत नाही एवढंच. काजळी आठ-पंधरा दिवसांत खाली बसते, पावसात धुऊन जाते. पण कोळसा जळताना जो वायू निघतो त्याला रंग नाही, वास नाही. तो कुरडईवर बसत नाही आणि धुराड्याच्या जाळीत अडकत नाही. वर जातो, सगळ्या पृथ्वीवर पसरतो आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं राहतो. एक टन कोळशाचा अडीच-तीन टन वायू होतो. तू विचारशील एकाचे तीन कसे. कणकेत पाणी मिसळलं की गोळा जड होतो ना, तशी त्यात हवा मिसळते.

मी ज्यांच्याकडे राहते त्या घरमालकीण तुझ्याच वयाच्या आहेत. वाटाणा आणि बटाटा लावतात. गावावरचं बर्फ पूर्वी जूनपर्यंत टिकायचं, त्याचं पाणी पाटानं शेतात यायचं. यंदा एप्रिलमध्येच ते संपलं आणि पेरणीच्या वेळी पाट कोरडा. त्याच वेळी वर हिमनदीच्या पायथ्याशी वितळलेल्या पाण्याचं तळं दर वर्षी फुगतंय. ते फुटलं तर गाव जाईल. म्हणजे पाणी नाही म्हणून रडायचं आणि पाणी येईल म्हणून भ्यायचं. आणि लांब समुद्रात अशी बेटं आहेत जिथे कधी एक कारखाना नव्हता. तिथल्या विहिरींत आता खारं पाणी शिरतंय.

विचारायचंच असेल तर एकच विचार. आज रोज किती कोळसा जळतो आणि नव्या भट्ट्या आल्यावर किती जळेल? पण जा किंवा जाऊ नकोस हे मी सांगू शकत नाही. बाबांची बढती मलाही हवी आहे. माझं सगळं शिक्षण त्या भट्टीच्या पगारावर झालंय, हे इथे खड्डा खणताना रोज आठवतं.

आणि तुझ्या खोलीतला एसी अठरावर असतो असं आईनं लिहिलंय. सव्वीसवर ठेव. आधी घरातली सुनावणी!

आईबाबांना नमस्कार. तुझ्या रागावरही माझं प्रेम आहे, ते दोन्ही असंच राहू दे.

तुझी,
अबोली


॥ श्री ॥
चाकण, ता. २९ मे

चि. अबोलीस आशीर्वाद.

एसी सव्वीसवर आणला. घाम येतो, पण तोंड उघडायला जागा राहते.

मी गेले. श्रीपादला आदल्या दिवशी सांगूनच गेले, चोरून नाही. तो म्हणाला, आई, आमच्या कंपनीचं लोखंड ज्या गाड्यांत असतं त्यांतूनच तू आळंदीला जातेस. मी म्हटलं, खरं आहे, तेही लिहून घ्या म्हणावं.

सुनावणी मंगल कार्यालयात होती. बाहेर मे महिन्यात पाच दिवस धो धो पाऊस, आत दारावर हिरव्या पानांचे फलक, आणि एक मुलगी प्रत्येकाच्या हातात रोप देत होती. तिसऱ्या मजल्यावर मी ते कुठे लावू, तुझ्या डोक्यावर, असं विचारलं तर बिचारी हसली. स्टेजवर सरकारी साहेब, बाजूला कंपनीचे मोठे साहेब आणि टाय घातलेला आपला श्रीपाद. छान दिसत होता गं. कितीही राग आला तरी आईचे डोळे मेले तेच बघतात.

बायकांनी कुरडया-पापडांची तक्रार केली. मोठे साहेब लगेच उठले आणि म्हणाले की कंपनी महिलांसाठी काचेचं छत असलेलं वाळवणघर बांधून देईल, धुराड्याला नवी जाळीही बसवेल. टाळ्या! सुमनताईंच्या सगळ्यात जोरात. मला तुझं पत्र आठवलं. जे दिसतं त्याला जाळी लावायची, त्यावर काच घालायची, आणि जे दिसत नाही ते दुसऱ्याच्या विहिरीत सोडायचं. आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या!

माझी पाळी आली. माईक धरून म्हटलं, साहेब, कुरडयांचं जाऊ द्या. आज तुम्ही रोज कोळसा किती जाळता आणि उद्या किती जाळणार? पोटच्या पोराला साहेब म्हणताना जीभ अडखळली. त्यानं मोठ्या साहेबांकडे बघितलं आणि पाठ केल्यासारखं बोलला की आमची कंपनी स्वच्छ तंत्रज्ञान वापरते आणि सर्व निकष पाळते. मी म्हटलं, मी तंत्रज्ञान नाही विचारलं, कोळसा विचारला. मग तुझ्या घरमालकिणीचं सांगितलं, फुगलेल्या तळ्याचं, खाऱ्या विहिरींचं. ज्यांनी कधी भट्टीचं तोंड बघितलं नाही त्यांनी आमच्या गाड्यांपायी खारं पाणी का प्यायचं? मागून कुणीतरी ओरडलं की आजी, हिमालय तालुक्याबाहेर आहे. सगळे हसले आणि माझ्या हातातला माईक गेला.

मग बाहेर वडापाव आणि जिलेबीची पाकिटं आली नि हॉल रिकामा झाला. मी गुडघ्यामुळे बसून राहिले. तर कारकून कुणी नसताना भराभरा वाचायला लागला, आज काय बोलणं झालं ते. त्यानं वाचलं की महिलांच्या वाळवणाच्या तक्रारीचे कंपनीच्या खुलाशाने समाधान झाले, आणि एका ज्येष्ठ महिलेने हिमालयाविषयी माहिती दिली. माहिती दिली! मी काय तिथे भूगोलाचा तास घ्यायला गेले होते?

मी खुर्चीला धरून उभी राहिले. म्हटलं, समाधान कुणाचं झालं? त्याचं नाव सांगा. सरकारी साहेब म्हणाले, आजी, सगळे गेले आता. मी म्हटलं, मी आहे ना अजून, माझा प्रश्न कुठे गेला? ते म्हणाले, त्याला उत्तर आलं नाही, मग लिहिणार काय?

तेव्हा श्रीपाद उठला. माईक नव्हता, तसाच बोलला. म्हणाला, प्रश्न विचारला होता, मीच उत्तर दिलं नाही. आज रोज तीस टन. नव्या भट्ट्यांनंतर नव्वद. मोठे साहेब फोन कानाला लावून बाहेर गेले. कारकून पेनाला टोपण लावायला लागला. मी म्हटलं, नव्वद टन, तेवढं लिहून घ्या. आणि दोनदा वाचून घेतलं.

सोमवारी त्याला स्टोअरमध्ये बसवलं. मॅनेजरची जागा दुसऱ्याला गेली. मृदुला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिचं चुकलं नाही. पोराचा घास मी काढला की काय, हे मनात येतंच, खोटं कशाला सांगू. भट्ट्यांची परवानगी अजून ठरायची आहे, मिळेलच असं सगळे म्हणतात. पण विचारलं ह्याची लाज मला वाटत नाही. वड्यासाठी उठले त्यांना वाटायला हवी.

खाली श्रीपाद चार ओळी लिहितोय. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी आजी,
शालन

चि. अबोलीस अ. उ. आ.

तीस हा आकडा मी नऊ वर्षं दर महिन्याला फॉर्ममध्ये भरत होतो. मोठ्यानं कधी म्हटला नव्हता. त्या दिवशी माझाच आवाज मला अनोळखी वाटला. स्टोअरमध्ये काम कमी आहे, वाचायला वेळ मिळतो. तुमच्या त्या तळ्याची मोजमापं असतील तर पाठव.

काल भट्ट्यांवर माझी लेखी हरकत पोस्टानं पाठवली. आई समोर बसून होती. सहीखाली हुद्दा लिहिला नाही, घरचा पत्ता लिहिला.

बाबा