बायकांच्या दोन खाटा

१० मार्च १९९२, मंगळवार
धुळ्याच्या ऑफिसातून पत्र! आमच्या व्यसनमुक्ती केंद्रातली बायकांची खोली आठ महिने रिकामी — ठेवायची की पुरुषांना द्यायची? कर्मचाऱ्यांनी सोबतच्या फॉर्मवर लेखी मत द्यावं. रिकामी कुठली? दोन्ही खाटांवर आमच्या आयाबाई पुष्पाबाईंचे ज्वारीचे पापड, बिबडे, वाळताहेत!

वॉचमन हिलालभाऊ म्हणे, "दारू पेनारी बाई? आमना गावम्हा एक बी नही!" डॉक्टर म्हणे, "बायका पीत नाहीत, भोगतात." पुष्पाबाईंचं मात्र वेगळंच — "बाई पिते हे सांगायला घरचं कोण येईल? अंगात येतं म्हणतील." त्यांना बिबड्यांची जागा सोडवत नसेल! मी हसले.

११ मार्च, बुधवार
पिणाऱ्यांच्या बायकांसाठी मी दर बुधवारी घेते ती मीटिंग. चोपड्याची ताईबाई एसटीने हजर — सलग सातवा बुधवार! तोंडात लवंग, मान खाली, पण कान इकडेच. नवऱ्याला आण म्हटलं की एसटीची वेळ झाली म्हणते. आज रागावलेच. "किती दिवस पाठीशी घालशील त्याला?" ढसाढसा रडली. बरं झालं, मोकळी झाली.

१४ मार्च, शनिवार
चोपड्याला ताईबाईच्या घरी जाऊन आले. नवरा, सुकदेव, दारातच म्हणाला, "ताई, मी माळकरी शे. दारूले हात बी लावत नही." सगळे हेच म्हणतात! ट्रेनिंगमध्ये शिकवलंय — नाकारणं हेच पहिलं लक्षण. तासभर फैलावर घेतलं. ताईबाई काही बोलायला पुढे आली, तिला म्हटलं, "तू थांब गं, मी बघते!" तिच्या सासूने निघताना केळी दिली. झकास दिवस गेला.

१६ मार्च
मत लिहून टाकलं — 'गरज नाही.' डॉक्टरांनीही तेच. पुष्पाबाईंना फॉर्मच आला नव्हता. आयाला कोण विचारतं!

१८ मार्च
ताईबाई आली नाही. नवऱ्याने अडवलं असणार. मेला!

२४ मार्च
खाटा पुरुषांकडे गेल्या. दोन्हीवर लगेच पेशंट. बिबडे गच्चीवर.

२५ मार्च, बुधवार
ताईबाई आली. हातात कपड्यांची पिशवी, मागे सुकदेव. "ताई, पेनारी मीच शे. माले कोनी इचारंच नही."

लाज वाटली. अशी लाज कधी वाटली नव्हती. खाट नाही हे मलाच सांगावं लागलं. सुकदेव एवढंच म्हणाला, "मंग हिले आते कोठे लई जाऊ?"