आठ घरांचं खरं

सर, तुमची ती फाइल काल मी पुसून टाकली. तुम्हाला कळवायची खरं तर काही गरज नव्हती. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या वर्कशॉपच्या जागी आता टॉवेलचं शोरूम आहे, आणि तिथल्या पोरींना तुमचं नावही ठाऊक नाही. पण पुसताना मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. ते तुम्हालाच सांगायला हवं होतं, म्हणून लिहितेय.

कॉलेजात सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा तुम्हीच शिकवलीत, आणि नंतर तुमच्याच वर्कशॉपात मी कामाला लागले. तेव्हा त्या भाषेत हो-नाहीसाठी स्वतंत्र प्रकारच नव्हता. शून्य म्हणजे खोटं, बाकी काहीही म्हणजे खरं, एवढाच नियम. जो तो सोयीप्रमाणे आपला ‘बूल’ बनवून घ्यायचा. तुम्हीही बनवलात, आणि ती फाइल प्रत्येक कामात घालायची असा हुकूम काढलात. वर्कशॉपातल्या कॉम्प्युटरवर तुमचा बूल ऐसपैस होता. सूत रंगवायच्या टाकीवर जो छोटा बोर्ड बसायचा त्यात मेमरी कमी, म्हणून तिथं तोच बूल तुम्ही आठ घरांचा केलात, एका घरात एक हो किंवा नाही. प्रोग्रॅम एकच, आणि खरं-खोटं मोजायची मापं दोन. यात काही चुकतंय असं तुम्हाला कधी वाटलं नाही, कारण टाकीवर सिग्नलही आठच होते. प्रत्येकाला आपलं घर मिळायचं.

मग अक्कलकोट रोडच्या डाईंगवाल्या शेठनी नवं झाकण बसवलं आणि नववा सिग्नल आला: आत दाब आहे. झाकण उघडण्याआधी प्रोग्रॅमनं तो बघायचा, दाब नसेल तरच हिरवा दिवा लावायचा. मी तुमचा प्रोग्रॅम पुन्हा वाचून काढला. नववा सिग्नल आठ घरांत मावत नाही. तो बाहेर सांडतो आणि आत उरतं शून्य. म्हणजे टाकी वाफेनं भरलेली असताना बोर्ड म्हणणार, दाब नाही. कॉम्प्युटरवर हे कधीच दिसणार नव्हतं, तिथं घरं भरपूर. चहाच्या वेळी मी तुम्हाला सांगितलं, सगळ्यांसमोर सांगितलं, कारण तुम्ही एकटे कधी सापडायचाच नाहीत. “सर, बूलमध्ये ठेवायच्या आधी दोन उद्गारचिन्हं लावू या.” सीमध्ये उद्गारचिन्ह म्हणजे ‘नाही’. दोनदा लावलं की शून्याचं शून्यच राहतं आणि बाकी कशाचंही एक होतं. एक कुठल्याही घरात मावतो.

तुम्ही बशी खाली ठेवलीत. “दोनदा नाही म्हटलं की हो होतं? ते तुम्हा बायकांत चालतं गं. मशीनला असले नखरे कळत नाहीत.” सगळे हसले. हसू ओसरल्यावर तुम्ही म्हणालात, “कॉम्प्युटरवर चाललंय की नाही? मग झालं की.”

वर्कशॉपात एक रीत होती, तुम्हीच घालून दिलेली. ज्यानं प्रोग्रॅम लिहिला त्यानं पहिलं झाकण स्वतः उघडायचं. ऑपरेटरनं नाही, शेठनं नाही. दिवा हिरवा झाला तरी झाकणाच्या कडेशी पालथा हात धरायचा, आच बघायची, मगच मूठ फिरवायची. या रीतीसाठी मी तुमचं बाकीचं सगळं सोसत होते, हे तुम्हाला माहीत नसेल. आणि त्या टाकीच्या पहिल्या दिवशी तुम्ही कुठं होतात? बार्शीला. तुमचा सत्कार होता. शेठना गड्ड्याच्या जत्रेआधी माल काढायचा होता, ते थांबायला तयार नव्हते. तुम्ही त्यांना फोनवर सांगितलंत, “उघडू दे की त्यालाच. हिरवा लागला की उघड म्हणावं.” आम्हाला विचारलंही नाहीत.

तो म्हणजे टाकीवरचे ऑपरेटर, होटगीचे मामा. त्यांना सगळे मामाच म्हणायचे. उकळत्या रंगाची वाफ त्यांच्या उजव्या हातावर, कोपरापर्यंत आली. मी पोचले तेव्हा ते पाण्याच्या हौदात हात बुडवून बसले होते आणि एकच सांगत होते, “म्याडम, हिरवा व्हता. देवाशपथ हिरवा व्हता. मी बघितला की.” दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात, गळ्यात हाराचा वास अजून होता. बोर्डाकडे नजरही न टाकता शेठना म्हणालात, “तंबाखू मळत बसला असेल. दिवा न बघताच उघडलं, दुसरं काय.” मी तिथंच म्हणाले की दिवा हिरवाच असणार, चूक प्रोग्रॅममध्ये आहे. तुम्ही शेठकडे बघून हसलात. “नवीन आहे. घाबरली पोरगी.” मामांचं काम गेलं. हात बरा झाल्यावर तरी घ्या म्हणून ते आले होते, शेठनी गेटवरूनच परत पाठवलं.

आणि आठवड्याच्या आत पुढच्या गिऱ्हाइकासाठी तुम्ही मला प्रोग्रॅम दिलात. मी उघडून बघितला. जिथं जिथं बूल होता तिथं तिथं दोन उद्गारचिन्हं. माझी चिन्हं, तुमच्या हातची. तुम्हाला सगळं कळलं होतं, सर. तुम्ही टाकी दुरुस्त केलीत आणि माणूस तसाच टाकून दिलात. मी तो प्रोग्रॅम कागदावर काढून शेठकडे गेले. ते म्हणाले, “सर म्हणतील ते खरं. तू कालची.” त्या दिवसापासून मी तुमच्या दारात पाऊल ठेवलं नाही. तुमच्या शोकसभेलाही नाही. तिथं तुम्हाला काय काय म्हटलं गेलं ते लोकांनी मला आवर्जून सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि कामाला लागले.

गेल्या महिन्यात शेठची मुलगी आली. डाईंग आता ती बघते. “मॅडम, बोर्ड नवा घालून द्या, प्रोग्रॅम सरांचाच राहू दे. बाबा फार मानायचे त्यांना.” प्रोग्रॅम बोर्डाच्या भाषेत उतरवणाऱ्या नव्या कंपायलरनं तुमच्या फाइलच्या पहिल्याच ओळीला नकार दिला. बूल आता भाषेचा स्वतःचा झालाय, सर. कुणीही उठून आपला बनवायचा नाही. त्यात काहीही ठेवा, शून्य नसेल तर एकच होतं, छोट्या बोर्डावरही आणि मोठ्या कॉम्प्युटरवरही. जुन्या नियमानं चालव असं कंपायलरला सांगता येत होतं. मी सांगितलं नाही.

पुसण्याआधी मात्र मी त्या मुलीला समोर बसवलं. जुना बोर्ड जोडला, तुमचा पहिला प्रोग्रॅम घातला आणि नववा सिग्नल दिला. हिरवा. मग नवा प्रोग्रॅम, तोच सिग्नल. लाल. तिनं पुन्हा करून दाखवायला सांगितलं. मी केलं. मग म्हणाली, “आमच्या घरात अजून म्हणतात, मामांनी घाई केली म्हणून.” मी म्हटलं, “मग आता म्हणू नका.”

आज तिनं गाडी पाठवून मामांना होटगीहून आणवलं. थकलेत. उजव्या हाताची कातडी चकचकीत, बोटं पुरती मिटत नाहीत. ती मुलगी सगळ्या कामगारांसमोर म्हणाली, “मामा, त्या दिवशी दिवा हिरवाच होता. चूक तुमची नव्हती.” मामांनी तिच्याकडे बघितलंही नाही. टाकीकडे बघत म्हणाले, “त्ये मी तवाच सांगितलं व्हतं.” मग मला विचारलं, “आता हिरवा म्हंजी हिरवाच न्हवं?”

“हो.”

“मग उघडा की. वाट कुणाची बघताय?”

मी उघडलं. साधी कोमट वाफ आली आणि विरली.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. एक गोष्ट तेवढी कबूल करते. हिरवा लागल्यावर मी लगेच मूठ धरली नाही. आधी कडेशी पालथा हात धरला, तुमच्यासारखा, आच बघितली. मामांचं लक्ष होतं. “ह्ये बरंय,” ते म्हणाले. “कुणी शिकवलं?”

मी म्हटलं, आठवत नाही. ते खोटं होतं.