कुरुंद्याची पोट सुटलेली भिंत

रविवार, दिवेलागणीला

डोक्यातून ती भिंत जातच नाही. जमिनीचे हादरे सुरू झाल्यापासून आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या संघटनेनं ठरवलं होतं, दर रविवारी गावोगाव जाऊन घरं फुकट तपासायची. ठरवताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आज कुरुंद्याला गेलो ते दोघंच, मी आणि संघटनेतलेच रफिकभाई.

तिथल्या शेवंताबाई आज्जींच्या घराची मागची भिंत दगडमातीची, मधोमध पोट सुटलेली. तिच्याच कडेला बाळंतीण सून झोपली होती. मी हात लावला तर माती भुरभुरली.

"आज्जी, इथं कुणी झोपायचं नाही," मी म्हटलं.

"मंग लेकरू घेऊन कुठं जावं, बाई?"

आम्ही बाज ओढून पुढच्या पत्र्याखाली नेली, एवढंच.

घरी आले तर अध्यक्षांचा फोन. "तिथं संघटनेचं नाव सांगितलं का?"

"सांगितलं."

"काहून सांगितलं? उद्या भिंत पडली तर आपल्यावर येतंय. हे तपासणं बंद करा."

भिंत पडली तर! म्हणजे ती पडेल हे त्यांनाही ठाऊक आहे? मग संघटना कशाला काढली आपण? नुसती बाज हलवून काय होणार... भिंतीला टेकू तरी हवेत.

रफिकभाईंना फोन केला. अध्यक्षांचं बोलणं आणि टेकूंचं सांगितलं. ते म्हणाले, "उद्या टेकू घेऊन येतो मॅडम, बराबर येतो. पण संघटनेच्या ग्रुपवर सांगू नका. मला बी याच लोकांत काम करायचंय."

मी बरं म्हटलं. टेकू द्यायलाही आता चोरासारखं जायचं.