पंचविशी ओलांडलेला मेंदू

२ मार्च, सकाळ
मुलगी अठराची झाली. लर्निंग लायसन्स हातात. मी नोकरी करतो त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला मीच शिकवणार, दुसऱ्या कोणावर भरवसा नाही. एका लेखात वाचलं की मेंदूचा सारासार विचार करणारा भाग पंचविशीपर्यंत पुरता तयारच होत नाही. थरार मागणारा भाग मात्र आधीच जोरात. म्हणजे ॲक्सिलरेटर बसवलाय, ब्रेक यायचाय. माझा येऊन जमाना झाला.
संकल्प: तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही.

२ मार्च, संध्याकाळ
चढवला. पण टेम्पोवाल्याने इंडिकेटर न देता वळवलं होतं. उतरून कॉलर धरली, दोन वाजवल्या. रागाने नव्हे, शिकवण म्हणून. त्यानेही एक ठेवून दिली. चष्मा फुटला. मुलगी म्हणाली, बाबा, सिग्नल सुटलाय, मागचे खोळंबलेत. प्रसंगाचं गांभीर्य कळत नाही या वयात.

५ मार्च
लेखाचा पुढचा भाग जेवताना तिला वाचून दाखवला. दोस्त बघत असले की ही मुलं जास्तच धोका पत्करतात. बायको म्हणाली, तो लेख मी तुझ्यासाठी काढून ठेवला होता. हिची थट्टा नेहमी वेळ चुकून येते.

९ मार्च
लाल हेल्मेटवाला, टाकीवर वाघाचं स्टिकर असलेला एक बाईकस्वार स्कूलच्या गाडीचा आरसा उडवून पळाला. मालक म्हणतो, इन्शुरन्स आहे. मी म्हणतो, इज्जतीचं काय? गॅरेजवाला आणि टायरवाला, माझे शाळेपासूनचे दोस्त, म्हणाले, सोडू नकोस त्याला.

१० मार्च
टायरवाल्याच्या दुकानासमोर लाल हेल्मेटवाला सापडला. शांतपणे बोलायचं ठरवूनच गेलो होतो. पण गॅरेजवाल्याने मोबाइल काढला. व्हिडिओ चालू असताना माणूस नुसता बोलून कसा परत येणार? गुद्दा हाणला. हेल्मेट डोक्यावरच होतं. बोटं सुजली. मग त्याने ते काढलं आणि माझ्या बरगडीत घातलं. पडलो, उठलो, त्याचा कान पिरगळला, परत पडलो. तोंडात माती आणि रक्त. सामना बरोबरीत.
घरी व्हिडिओ पाहताना कळलं, याच्या टाकीवर स्टिकरच नाही, हा तो नव्हेच. लाल हेल्मेटं बरीच असतात.
संकल्प: यापुढे आधी खात्री करायची.

१४ मार्च, सकाळ
मुलीला मोठ्या रस्त्यावर नेलं. नीट चालवते, पण फारच सावकाश. तेवढ्यात तोच दिसला. खरा. टाकीवरच्या स्टिकरवरून ओळखला. म्हणालो, चिकट त्याच्या मागे. नाही म्हणाली. ओरडलो, दाब, ठोक त्याला! शिकवणाऱ्याच्या बाजूला ॲक्सिलरेटर देत नाहीत, हे चुकीचं आहे. मी हात घालून स्टिअरिंग ओढलं. गाडी दुभाजकाला घासत गेली. तिने वेग आवरला, इंडिकेटर दिला, कडेला घेतली, किल्ली काढली. सगळं ओळीने. नवशिकी आहे.
तो पुढे सिग्नलला थांबला होता. पळत जाऊन बाईकसकट आडवा केला. पाय खाली अडकला त्याचा. मी छातीवर गुडघा रोवला आणि मारत सुटलो. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. बरं वाटलं. मागून कोणीतरी शर्ट ओढला. कोपर मागे मारलं.
मागे मुलगी होती.

१४ मार्च, दुपार
तिच्या ओठाला टाके. पुढचे दात हलतायत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, कसं लागलं? म्हणालो, रस्त्यावर अपघात. एका अर्थी खरंच आहे. मुलीच्या तोंडात बोळा होता.
हेल्मेटवाल्याची नडगीही मोडली. बाहेर हवालदार बसलाय. गैरसमज आहे, दूर होईल.

१६ मार्च
गैरसमज दूर झाला नाही. जामिनावर सुटलो. लायसन्स जप्त. मालक म्हणाला, शिकाऊ मुलांशेजारी तुला बसवणं धोक्याचं आहे. दोस्त फोन उचलत नाहीत. मुलीने बॅग भरली, मावशीकडे चालली. मी म्हणालो, रागाच्या भरात निर्णय घेऊ नये, तुझ्या वयात तर मुळीच नाही. ती म्हणाली, रागात असते तर परवाच गेले असते. बायकोने तिची बॅग उचलली. मग स्वतःचीही.

२० मार्च
मावशीच्या घरी चालत गेलो. वाटेत सगळं ठरवलं होतं. माफी मागायची, पण ताठ मानेने. ती परत येईल, सोमवारपासून पुन्हा शिकवू.
मावशीने दार साखळी लावूनच उघडलं. मुलगी फटीत आली. ओठ अजून काळानिळा, शब्द नीट फुटत नव्हते. तिने एकच विचारलं. शर्ट ओढला ती मी आहे, हे तुला कळलं होतं का?
म्हणालो, नाही गं, कसं कळणार?
तिने ओढताना बाबा म्हणून हाक मारली होती. मी ती ऐकली होती. तेव्हा कोपर अजून निघालं नव्हतं.
ती बरं म्हणाली आणि दार लावलं.